पहिलं ऑइल

गेल्या पाडव्याला माझ्या पुतणीनं पुण्यात नवी कोरी मोटारसायकल घेतली. साडेतीनशे सीसीची, काळी. महिन्याभरात तिचा फोन आला. "काका, चारशे ऐंशी झाले. पाचशेला पहिली सर्व्हिसिंग आहे. ऑइल कुठलं टाकू? एक मित्र म्हणतो डायरेक्ट फुल सिंथेटिक. दुसरा म्हणतो पहिल्यांदा साधंच टाक. आणि ऑफिसातला एक म्हणतो, इतक्या लवकर बदलायचंच कशाला, अजून मधासारखं दिसतंय की."

मी विचारलं, "त्याला दिसलं कुठून?"

"इंजिनला बाजूला गोल काच आहे ना, तिच्यातून."

काचेतून ऑइल किती आहे ते कळतं, कसं आहे ते कळत नाही, हे मला १९८८ साली सांगलीतल्या एका मिस्त्रीनं शिकवलं होतं. तेव्हा आमच्या गाडीला काचही नव्हती.

आमच्या आळीत त्या आधी फटफटी म्हणजे माझ्या काकांची राजदूत. आणि स्कूटर म्हणजे बजाज, तीही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. ही सगळी टू-स्ट्रोक मंडळी. यांच्या इंजिनात वेगळं ऑइल भरायची भानगड नव्हती, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. स्कूटरला लिटरमागं वीस मिलि, राजदूतला त्याहून जास्त, आणि गाडी नवी असेल तर त्याहूनही जास्त. पंपावरचा पोऱ्या मापातून ऑइल ओतायचा आणि मग काका हँडल धरून गाडी डावी-उजवी गदागदा हलवायचे. पेट्रोल आणि ऑइल एकजीव व्हावं म्हणून. निळा धूर निघायचा, त्याचा गोडसर जळका वास अंगणात तास तासभर रेंगाळायचा. ऑइल पेट्रोलबरोबर जळून जायचं. त्यामुळं 'ऑइल बदलणं' हा शब्दप्रयोग आमच्या घरात फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. बदलायचं ते फक्त गिअर ऑइल, आणि ते मिस्त्रीला आठवलं तर.

टू-स्ट्रोकचं नवं इंजिन मात्र नव्या नवरीपेक्षा नाजूक. काकांची राजदूत नवी असताना त्यांचा एक मित्र ती घेऊन जतच्या बाजूला गेला. रस्ता मोकळा, गडी जोशात. तापलेला पिस्टन फुगला आणि त्यानं सिलिंडर धरला. मागचं चाक जागीच जाम झालं आणि स्वारी बाजूच्या बाभळीत. गाडी ट्रकमधून परत आली, सिलिंडर बोअर करावा लागला, आणि 'रनिंग', म्हणजे नवी गाडी जपून चालवायचा काळ, हा शब्द आमच्या आळीत त्या दिवसापासून दबक्या आवाजात उच्चारला जाऊ लागला. "गाडी अजून रनिंगमध्ये आहे," असं म्हटलं की मागणारा माणूस चावीकडं नुसतं बघून परत जायचा.

मग १९८८ च्या दसऱ्याला आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हिरो होंडाची सीडी १०० घेतली. ही गाडी १९८५ साली बाजारात आली तेव्हा बुलेटवाले चार-दोन बागायतदार सोडले तर फोर-स्ट्रोक मोटारसायकल कुणी चालवलेलीच नव्हती. भरा, झाका आणि विसरा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. आप्पा तासगावला हायस्कूलवर शिक्षक. कुठलीही गोष्ट भरून, झाकून विसरणं हे त्यांच्या स्वभावातच नव्हतं. हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून गाडी पहिल्यांदा पंपावर नेली, तेव्हा मी मागं बसलो होतो.

"ऑइल किती मारू?"

"नको. हिला पेट्रोलमध्ये ऑइल नसतं."

पोऱ्यानं आप्पांकडं दयेनं बघितलं. "गुरुजी, इंजन जाम हुईल."

आप्पांनी त्याला तिथंच, हातातली पिशवी सावरत, फोर-स्ट्रोक इंजिनाचा पाठ दिला. मागं रांग लागली. पोऱ्याला किती पटलं माहीत नाही. पण आम्ही निघालो तेव्हा तो सायलेन्सरकडं बघत होता, धूर कसा येत नाही म्हणून.

शोरूममध्ये सांगितलं होतं : पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, आणि पाचशेला ऑइल बदलायचं. सांगली ते तासगाव पंचवीस किलोमीटर. माधवनगर, बुधगाव, कवलापूर, कवठेएकंद, आणि मग लांबून तासगावच्या गणपतीचं गोपुर. या रस्त्यावर आप्पांनी वीस दिवस अशी गाडी चालवली, की एसटी पुढं जायची, जीप पुढं जायच्या, आणि एकदा तर उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला. ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून "गुरुजी, पंक्चर हाय का?" असं विचारलं. आप्पांनी उजव्या हातानं स्पीडोमीटर दाखवला. कवठेएकंदच्या अलीकडं एका चिंचेखाली ते रोज दहा मिनिटं थांबायचे. इंजिन गार व्हावं म्हणून. त्या दहा मिनिटांत पेपरचे गठ्ठे तपासून व्हायचे.

जुन्या वहीतली कोरी पानं शिवून त्यांनी गाडीची एक वही केली होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, अ‍ॅव्हरेज. ती वही अजून माझ्याकडं आहे. त्यात ५१२ किलोमीटरसमोर त्यांच्या गोल, तिरक्या अक्षरात लिहिलंय : 'ऑइल बदलले. स्वतः पाहिले.'

ते 'स्वतः पाहिले' मीही पाहिलं. मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे पत्र्याचा आडोसा, वर कडुनिंब, खाली तेलानं काळी झालेली जमीन. आप्पांना वाटलं, गाडी गार झाल्यावर ऑइल काढायचं असेल. मिस्त्री म्हणाले, "न्हाई गुरुजी. गरम असतानाच सगळा गाळ घिऊन भाईर येतं. गार झालं की गाळ तळाला बसतो आन् नुसतं पाणी भाईर." त्यांनी गाडीखाली डालड्याचा कापलेला डबा सरकवला, सतराचा पाना लावला, शेवटचे दोन आटे बोटांनी फिरवले आणि बोट चटकन मागं घेतलं. ऑइल धारेनं आलं. आत भरलेलं ऑइल सोनेरी होतं म्हणे. बाहेर आलं ते राखाडी काळं. मिस्त्रींनी त्यातलं थेंबभर अंगठ्यावर घेतलं, तर्जनीनं चोळलं आणि बोट उन्हात धरलं.

"ह्ये बगा. चांदी."

खरंच, काळ्या तेलात बारीक चंदेरी चमचम दिसत होती, जत्रेतल्या जरीच्या चुऱ्यासारखी.

"इंजन घासून बसतंय, त्येची ही पावडर. ही आत फिरत ऱ्हायली की पॉलिश पेपरचं काम करती. तवा ही आता हितंच डब्यात ऱ्हायला पायजे."

त्या चांदीचा अर्थ मला पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर कळला. सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते, मुद्दाम ठेवलेली नसते. तिच्यावर होनिंगच्या बारीक तिरक्या रेघा एकमेकींना छेदत काढलेल्या असतात, पाटीवर आडव्या-उभ्या रेघोट्या माराव्यात तशा. त्या खाचांत ऑइल धरून राहतं. खाचांच्या कडांची टोकं मात्र पिस्टनच्या रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये घासून काढतात. रिंगा भिंतीला आणि भिंत रिंगांना सारखी होते. यालाच गॅरेजच्या भाषेत इंजिन 'बसणं' म्हणतात. गिअरचे दात, क्लचच्या प्लेटा यांचाही थोडा भुगा पडतो. हा सगळा माल जातो ऑइलमध्ये. त्यात आमच्या गाडीला कागदी ऑइल फिल्टर नव्हता. एक जाळी आणि गरगर फिरून जड कण कडेला टाकणारं एक भांडं, एवढंच. आजही कित्येक शंभर सीसीच्या गाड्यांना एवढंच असतं. म्हणून पहिलं ऑइल लवकर काढायचं. ऑइल खराब झालेलं नसतं, त्याच्या पोटातला माल बाहेर काढायचा असतो.

आता त्या काळाचे पोवाडेच गायचे तर इथं थांबायला हवं. पण खरं सांगायचं तर आम्ही तेव्हा निम्म्या गोष्टी चुकीच्या करत होतो. शेजारच्या एकानं नवी गाडी आठ दिवस अंगणात मेन स्टँडवर लावून तास तासभर नुसती चालू ठेवली. पेट्रोलही जळलं आणि इंजिनही बसलं नाही. कारण रिंगा भिंतीवर दाबून बसायला इंजिनावर थोडा भार लागतो. आप्पांची भीतीही तशीच. चाळीसच्या वर जायचं नाही म्हणून ते पंचवीसच्या वेगातही चौथा गिअर टाकायचे. चढावर गाडी कण्हायची, थरथरायची. मिस्त्रींनी त्यांना त्याच दिवशी टोकलं : "गुरुजी, इंजन पळवू नगा, पर रडवूबी नगा. चढाला गिअर उतरवत जावा." हे एका वाक्यातलं शास्त्र बरोबर होतं. फार हळुवार चालवलेल्या इंजिनाच्या भिंतीवर ऑइलचा चकचकीत थर भाजून बसतो, रेघा बुजतात, रिंगा कधीच नीट बसत नाहीत आणि मग गाडी जन्मभर ऑइल पिते. एकाच वेगानं मैलोन्मैल जाण्यापेक्षा वेग कमी-जास्त करत जावं, हे आजची माहितीपुस्तकंही सांगतात.

ऑइल निवडायचा मात्र प्रश्नच नव्हता. दुकानात जायचं आणि "ट्वेंटी फॉर्टी द्या" म्हणायचं. ट्वेंटी का आणि फॉर्टी का, हे दुकानदारालाही माहीत नसायचं. डब्यावर या दोन आकड्यांच्या मधे असतो तो डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा, दुसरा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं त्याचा. सांगलीच्या मे महिन्यात हिवाळ्याची काळजी करायचं कुणाला कारण नव्हतं. मोटारीला तेच, मोटारसायकलला तेच, पाण्याच्या इंजिनालाही काही जण तेच घालायचे.

आमच्या आजोबांचा काळ तर याहून सोपा. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणजे एरंडेल. गाडीखाली लटकणाऱ्या नळीत ते भरलेलं असायचं आणि चाक कुरकुरलं की आजोबा काडीनं आत सोडायचे. गंमत अशी की मोटारीच्या ऑइलमधलं एक जगप्रसिद्ध नाव, कॅस्ट्रॉल, हेसुद्धा एरंडातूनच आलं. कॅस्टर म्हणजे एरंड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विलायतेत मोटारी आणि विमानांसाठी जे ऑइल तयार झालं, त्यात एरंडेल मिसळलेलं होतं, म्हणून १९०९ मध्ये त्याला हे नाव पडलं. हे कळलं तेव्हा आजोबा हयात नव्हते. असते तर म्हणाले असते, "मग एवढे पैसे कशाला घेतात?"

एकच ऑइल सगळ्यांना चालतं, ही समजूत मला महागात पडली. पुढं माझी स्वतःची गाडी झाली, १५० सीसीची. दादाच्या मोटारीच्या सर्व्हिसिंगमधून उरलेलं एक लिटर ऑइल घरात होतं. पातळ, महागाचं, डब्यावर इंधन वाचवतं असं लिहिलेलं. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची, म्हणून ते गाडीत ओतलं आणि मित्राबरोबर कऱ्हाडहून चिपळूणला निघालो. परत येताना कुंभार्ली घाटात चढावर गिअर टाकला, अ‍ॅक्सिलरेटर पिळला, इंजिनानं जोरात आवाज केला आणि गाडी होती तिथंच. पुन्हा पिळला. आवाज वाढला, वेग नाही. क्लच घसरत होता. मित्राला उतरवून, पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगानं वर चढलो. मित्र शेजारून चालत येत होता आणि ऑइलच्या डब्यावरचं ते इंधनबचतीचं वाक्य मला मोठ्यानं ऐकवत होता.

चूक माझीच. मोटारीत इंजिनाचं ऑइल फक्त इंजिनात फिरतं, तिचा क्लच कोरडा असतो. मोटारसायकलीत इंजिन, गिअर आणि क्लच तिघं एकाच ऑइलात नांदतात. इंजिनाला ऑइल निसरडं हवं, क्लचच्या प्लेटांना एकमेकींना पकडता आलं पाहिजे. मोटारीची ऑइलं इंधन वाचवण्यासाठी अधिकाधिक निसरडी होत गेली तशी दुचाकींची पंचाईत झाली, आणि १९९८ मध्ये जपान्यांनी दुचाकीच्या ऑइलसाठी जासो हे वेगळं मानक काढलं. डब्यावर एमए किंवा एमए२ लिहिलेलं असेल तर ते ओल्या क्लचच्या मोटारसायकलसाठी. एमबी असेल तर ते अधिक निसरडं, बिनगिअरच्या स्कूटरसाठी, कारण तिचा क्लच ऑइलात बुडालेला नसतो. ही दोन अक्षरं मी त्या घाटानंतर कधी विसरलो नाही.

आता काळ पालटलाय तो खरा कारखान्यात. होनिंगनंतर त्या खाचांची टोकं कारखान्यातच घासून घेतात. पिस्टनच्या बाजूंना घर्षण कमी करणारा लेप असतो. काही गाड्यांच्या सिलिंडरला आतून निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण मुलामा दिलेला असतो. आप्पांच्या गाडीनं तासगावच्या रस्त्यावर जे काम वीस दिवसांत केलं, त्यातलं बरंचसं आता गाडी शोरूमला यायच्या आधीच झालेलं असतं. ऑइलंही बदलली. बऱ्याच शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना आता टेन डब्ल्यू थर्टी लागतं, अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून पातळ. सिंथेटिक लवकर टाकलं तर इंजिन बसत नाही, हा जुना नियमही सरसकट राहिला नाही. काही गाड्या कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येतात.

म्हणून पुतणीला मी एवढंच सांगितलं, "माहितीपुस्तक उघड. त्यात जो ग्रेड लिहिलाय तोच. डब्यावर एमए किंवा एमए२ आहे ना बघ. पाचशे किलोमीटरला काढून टाकायचं म्हणजे टाकायचं. सर्व्हिसिंग फ्री असते, ऑइलचे पैसे लागतात. तेवढ्यासाठी लोक ऑइल तसंच ठेवतात आणि नुसती गाडी धुऊन आणतात."

"ओके. मग शनिवारी टाकते गाडी, अ‍ॅपवर बुकिंग केलंय. संध्याकाळी घरी आणून देतात."

"म्हणजे तू थांबणार नाहीस?"

"थांबून काय करू, काका? लाउंजमध्ये बसायचं आणि टीव्ही बघायचा."

मी शनिवारी पुण्याला गेलो. लाउंज खरोखर गारेगार होतं. कॉफीचं मशीन होतं. काचेपलीकडं गाड्या ओळीनं रॅम्पवर चढवलेल्या दिसत होत्या, पण त्यांच्या खाली काय चाललंय ते दिसत नव्हतं. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, आम्हाला ऑइल काढताना बघायचंय. तो म्हणाला, "सर, आत कस्टमरला अलाउड नाही." त्याचंही बरोबर होतं, नियम सुरक्षेसाठी असतात. पण पुतणी माझ्यापेक्षा हट्टी निघाली. अखेर सुपरवायझरनं पाच मिनिटं आत सोडलं.

मेकॅनिक विशीतला, हातात निळे मोजे. त्यानं पाना लावला, नट सोडला आणि ऑइल धारेनं खालच्या ट्रेमध्ये आलं. काचेतून मधासारखं दिसणारं ते ऑइल ट्रेमध्ये चहासारखं गडद होतं. पुतणीनं थेंबभर अंगठ्यावर घेतलं, मी सांगायच्या आधीच तर्जनीनं चोळलं आणि मोबाइलचा टॉर्च लावला.

"काका, हे चमकतंय."

१९८८ च्या मानानं कमी, फार कमी. पण चमकत होतं.

मेकॅनिकनं मोज्याच्या बोटावर घेऊन बघितलं, हसला आणि म्हणाला, "नवीन गाडीत असतंच मॅडम थोडं. म्हणूनच काढायचं." मग तिला नवा फिल्टर दाखवला, जुना पिळून दाखवला, नव्या ऑइलचा सील तिच्यासमोर फोडला. रिकामा डबा फेकताना मी त्याला म्हटलं, याला भोक पाडून टाका. सीलबंद दिसणारं नकली ऑइल बऱ्याचदा अशाच चांगल्या रिकाम्या डब्यांतून येतं. त्यानं पाना घेतला आणि डब्याच्या तळाला आरपार ठोकला. जळकं ऑइल एका मोठ्या पिंपात गेलं, तिथून ते शुद्धीकरणाला जातं म्हणे. आमच्याकडं तेव्हा ते डब्यातून घरी यायचं, गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायला, आणि उरलेलं गटारीत. आमच्या घरी ते आता कुणी करत नाही हे चांगलंच झालं.

येताना पुतणी गाडी चालवत होती, मी मागं. हिंजवडीच्या चढावर तिनं न सांगता गिअर उतरवला.

आप्पांच्या काळातलं सगळंच परत यावं असं मला वाटत नाही. ते चाळीसचं बंधन, तो निळा धूर, ते गदागदा हलवणं, गेलं ते बरं झालं. इंजिनं शहाणी झाली, ऑइलं त्याहून शहाणी झाली. पण नवी गाडी घेतली असेल तर एवढं करा : पहिल्या सर्व्हिसिंगला अर्धा दिवस सुट्टी काढा, काचेच्या अलीकडं बसू नका. ऑइल स्वतःच्या डोळ्यांसमोर काढायला लावा, थेंबभर बोटावर घ्या, नव्या डब्यावरची अक्षरं वाचा आणि जुना डबा फोडून मगच निघा.